बी बाजूच्या शेवटी

कॅसेट फिरत होती, पण गाणं येत नव्हतं. नुसती खरखर.

पेणला दिनानाथांच्या गणपतीच्या कारखान्यावर एक माडी आहे. तिथे रविवारी सकाळी अकरा वाजता सहा माणसं त्या खरखरीला कान लावून बसली होती. खाली रंग न दिलेले पांढरे गणपती रांगेत बसलेले, वर ही मंडळी. जास्त गप्प कोण, हे सांगणं कठीण होतं.

प्रणितने कॅसेट पुढे पळवली. खरखर. उलटी करून लावली. तीच खरखर. शेवटी खटका वाजून मशीन थांबलं आणि दिनानाथांनी सवयीने उजवा हात वर केला.

त्या माडीवरचा तो नियम होता. वाजणं संपलं की लगेच तोंड उघडायचं नाही. दिनानाथ हात वर करणार, पाच श्वास जाणार, मग हात खाली येणार आणि मग ज्याला वाहवा करायची त्याने ती करावी. ‘काका, तुम्ही ट्रॅफिक पोलिसात जायला हवं होतं,’ असं निलेश दर रविवारी चिडवायचा. आज गाणंच वाजलं नव्हतं, तरी हात वर गेला. आज निलेशने चिडवलं नाही.

हात खाली आला.

“ही ती कॅसेट नाय,” प्रणित म्हणाला. “डबी तीच, चिठ्ठी तीच. आतली कॅसेट कोणीतरी बदललीय.”

मालू खिडकीखाली बसली होती. दिनानाथांचा हात जिथे वर झाला होता तिथे ती अजून बघत होती. मग तिने पदर सारखा केला आणि चंद्रावतींकडे वळली.

“ताई, मी बोलले व्हते ना तुमाला. माझ्या नशिबात ती नाय.”

चंद्रावतींना कानफटात बसल्यासारखं झालं.

चंद्रावती म्हणजे रोह्याच्या निवृत्त महिला हवालदार. तीस वर्षं खाकी घातली, आता सकाळी नाट्यपदं लावून पोहे करतात. चार वर्षांपूर्वी त्या ‘दोन बाजू’ या ग्रुपमध्ये आल्या. पेण-रोह्याकडची पाच कानवेडी माणसं. दर आठवड्याला आपण कोणता अल्बम ऐकला ते ग्रुपवर लिहायचं आणि महिन्यातून एका रविवारी दिनानाथांच्या माडीवर जमायचं. अट एकच, आणि ती दिनानाथांची. पूर्ण ऐकलं असेल तरच लिहायचं. दोन्ही बाजू. एक बाजू ऐकून दोन बाजूंच्या बाता मारणाऱ्याला ते चहासुद्धा विचारत नसत.

या आठवड्याची सुरुवात नेहमीसारखीच झाली. काळुरामने सनईच्या तबकडीबद्दल लिहिलं, बी बाजूला ओरखडा आहे म्हणून हळहळला. निलेशने बँडवाल्यांच्या वरातीच्या धुना गाडीत ऐकल्या. चंद्रावतींनी पोह्यांबरोबर ऐकलेली नाट्यपदं लिहिली. आणि बुधवारी डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्या प्रणितने, शिफ्ट सुटल्यावर, हे लिहिलं:

“ऐकलं: धवलारीण बायजाबाईंचे धवले. वढावची हळद, मे ९६. भंगारवाल्याकडे मिळाली, बाईंच्या घरातलं सामान निघालं त्यात होती. चिठ्ठी त्यांच्या नातवाच्या हातची. रेकॉर्डिंग झक्कास. प्रत्येक गाणं संपल्यावर टेप जरा वेळ तशीच गप्प चालते, मग खटका. कुठे घाई नाय. बी बाजूच्या शेवटी मात्र त्या शांततेत एक मुलगी काहीतरी बोलते. माझ्या डबड्यावर शब्द लागत नाहीत. दिनानाथकाकांच्या मशीनवर लागतील. रविवारी सगळे ऐकू.”

धवले म्हणजे आगरी लग्नातली गाणी, धवलारणीच्या तोंडची. बायजाबाई जाऊन सात वर्षं झाली. त्यांचा आवाज कुठे शिल्लक असेल, असं कोणाला वाटलंच नव्हतं.

चंद्रावतींनी ही पोस्ट कौतुकाने मालूला वाचून दाखवली. मालू त्यांच्या शेजारी राहते, रोहा स्टँडजवळ खानावळ चालवते, मूळची वढावची. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

“ती पोर मी हाय,” ती म्हणाली.

गोष्ट चंद्रावतींना ठाऊक होती. अठराव्या वर्षी मालूचं लग्न ठरवलं, तिला ते नको होतं. चार वर्षांनी ते घर सोडून ती माहेरी आली, तेव्हा बापाने दारातच विचारलं, हळदीला बसलीस तेव्हा तोंडाला काय कुलूप होतं? बोलली असतीस तर आम्ही लगीन मोडलं असतं. बाप मरेपर्यंत हेच म्हणत राहिला. आई, इंदुबाई, ऐंशीच्या पुढे आहे, अंथरुणाला खिळलीय, आणि अजून हेच म्हणते.

“मी बोलले व्हते, ताई,” मालू दर वेळी सांगायची. “हलदीला धवला चालू व्हता. माझ्यापुढं कोनीतरी माईक धरला व्हता, वरती पिवला स्पंज. मना वाटला, यात बोलला तर भोंग्यावरून साऱ्या गावाला आयकू जाईल. धवला संपला तवा हलूच मी बोलले. त्या मानसानं खूण केली, थांब म्हनून. मना वाटला, आता ह्यो जाऊन सांगनार. मी रातभर वाट बघितली.”

आणि चंद्रावती काय करायच्या? पोलिसात शिकलेली मान हलवायच्या. हो हो म्हणायच्या. एकदा तर त्यांनी सरळ विचारलं होतं, ‘अगं, पण मोठ्याने का नाही बोललीस?’ जो प्रश्न अख्ख्या गावाने विचारला, तोच. खरं तर मालूवर त्यांचाही विश्वास नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं: “ती मुलगी माझी शेजारीण मालू. रविवारी तिला घेऊन येते. आई जायच्या आधी तिला हा आवाज ऐकवायचा आहे.” लिहिताना कोण अभिमान वाटला होता! आता त्याच मालूसमोर मशीनमधून खरखर येत होती.

“कोणी खाली उतरायचं नाही,” चंद्रावती म्हणाल्या. आवाज हवालदाराचा होता. “प्रणित, तू आधी.”

गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर त्या बसल्या.

“कॅसेट इथे कधी आणलीस?”

“गुरुवारी, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर. काकांनी माझ्यासमोर आतल्या कपाटात ठेवली.”

“कपाटाला कुलूप?”

“नाय मावशी. चोरणार कोण?” तो थांबला. “माझंच चुकलं. पोस्ट टाकायलाच नको होती. कोणाचं काय उघडं पाडतोय हे मला काय माहीत.”

दुसरा निलेश. रोह्याचा, बँजो पार्टीवाला, वयाने तीस, आवाजाने शंभर.

“तुला ती कॅसेट हवी होती.”

“व्हय. धवल्यावर बीट टाकून वाजवायचा होता. प्रणित नाय बोलला, तर भांडलो पण.”

“इथे कधी आलास?”

“काल दुपारी. स्पीकर द्यायला. काकांनी चहा दिला. मी डबी हातात घेतली, खोटं नाय बोलणार. कॉपी मारून द्या म्हटलं.”

“मग?”

“काका बोलले, ठेव ती खाली. असे कधी बोलत नाय ते. मी ठेवली आणि निघालो.”

तिसरा काळुराम. साठी ओलांडलेला, वढावचाच. पूर्वी लग्नाला भोंगे लावायचा, आता जुनी मशीनं दुरुस्त करतो. खुर्चीत बसायच्या आधीच त्याला घाम फुटला होता.

“शुक्रवारी सकाळी तुम्ही इथे होतात.”

“मशीनचा पट्टा बदलला. हेड साफ केला. अर्धा तास एकटाच व्हतो वर.”

“मालूच्या हळदीला भोंगा कोणाचा होता?”

काळुरामने खाली पाहिलं. “माझाच.”

“म्हणजे तिच्यापुढचा माईक तुमचा?”

“नाय नाय! माझा माईक गेटावर, नाव पुकाराला. मांडवात बायांच्यात मी कशाला जाऊ? तो माईक एका पेनवाल्याचा. दाढीवाला जवान पोरगा. बायजाबाईच्या मागंमागं मशीन घेऊन फिराचा, कानाला हेडफोन लावून.”

“नाव?”

“तवा कोन विचारतो.”

“मग घाम का पुसताय, काळुरामदादा?”

काळुरामने रुमाल खिशात कोंबला.

“पोर रडताना मी गेटावरून बघितली व्हती,” तो शेवटी म्हणाला. “नवऱ्याकडची मानसं बोलली, आवाज वाढव. मी वाढवला. ग्रुपवर तुमची पोस्ट वाचली तवाधरनं जेवन जात नाय.”

शेवटी दिनानाथ. उंच, दाढी गुळगुळीत केलेली, बोटांना माती. गॅलरीत येताना त्यांनी चंद्रावतींसाठी पाण्याचा तांब्या आणला. इतका सभ्य माणूस पेणमध्ये शोधून सापडायचा नाही, असं चंद्रावती सगळ्यांना सांगत असत.

“दिनानाथभाऊ, मशीन शुक्रवारी दुरुस्त झालं. तुम्ही कॅसेट लावून पाहिली नाहीत?”

“रविवारी सगळ्यांबरोबर ऐकायची, असं ठरलं होतं.”

“काल ग्रुपवर तुम्ही ‘या आठवड्यात लिहीत नाही, माफ करा’ असं टाकलंत.”

“गणपती तोंडावर आलेत. कामाची गर्दी.”

“गर्दी दर वर्षी असते. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशीसुद्धा तुम्ही सतारीची एलपी लिहिली होतीत. दोन्ही बाजू.”

दिनानाथ हसले, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. “वय झालं, चंद्रावतीताई.”

त्या उठून आत आल्या. कपाटापाशी उभ्या राहिल्या. चारशेच्या वर कॅसेटी, प्रत्येकीवर घेतल्या क्रमाने नंबर. चार वर्षं त्या या कपाटाला बोळकं म्हणून चिडवत आल्या होत्या, कारण तिसऱ्या रांगेत एका कॅसेटची जागा रिकामी असायची आणि दिनानाथ ती कधी बुजवत नसत. ‘एकाला दिलीय. आली की बसेल जागेवर,’ एवढंच म्हणत.

त्यांनी पहिल्या रांगेवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोट कुठेच अडलं नाही.

त्यांनी एक मोठा श्वास घेतला. हे आपल्याला कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

“बसा सगळे,” त्या म्हणाल्या.

सगळे बसले. दिनानाथ उभेच राहिले.

“निलेशला गाणं हवं होतं. त्याला कॉपी पुरली असती. आणि त्याने पळवलीच असती, तर डबीसकट पळवली असती. डबीत दुसरी कॅसेट घालण्याइतकी सबुरी त्याच्या अंगात नाही.”

“थँक्यू मावशी,” निलेश पुटपुटला.

“काळुरामदादांना ती नाहीशी करायची असती, तर मशीन त्यांच्याच हातात होतं. मशीनने टेप खाल्ली, असं सांगितलं असतं तर आपण त्यांचंच सांत्वन केलं असतं. आणि ते इथे आले शुक्रवारी सकाळी. ती मुलगी म्हणजे मालू, हे मी संध्याकाळी लिहिलं. प्रणितचं तर बोलायलाच नको, त्यानेच ती जगाला सांगितली.”

चंद्रावती मशीनकडे वळल्या.

“आता कॅसेटबद्दल. ती भरली एका पेणच्या माणसाने. कानाला हेडफोन लावून. म्हणजे मालू बोलली ते मांडवात कोणाला ऐकू गेलं नसेल, पण त्या एका माणसाच्या कानात स्पष्ट गेलं. तो माणूस कसा होता? प्रणितनेच लिहिलंय. गाणं संपलं की तो लगेच बटण दाबत नसे. टेप गप्प चालू द्यायचा. जरा वेळ. किती वेळ, प्रणित?”

प्रणितचं तोंड उघडं राहिलं. “पाच... पाच श्वास असतील.”

त्याने दिनानाथांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

“दुसरा कोणी असता तर त्याने गाण्याबरोबर टेप थांबवली असती आणि मालूचं बोलणं कुठेच उरलं नसतं,” चंद्रावती म्हणाल्या. “तो थांबला म्हणून ते उरलं. आपण इथे चार वर्षं ज्याच्या हाताकडे बघून गप्प बसतो, तोच माणूस तो. काल त्याच्या हातून चोरी झाली. पण न ऐकलेला अल्बम ऐकला म्हणून लिहायचं त्याला जमलं नाही. जो ऐकला, तो लिहिता येत नव्हता. म्हणून माफी मागितली. आणि ती कॅसेट त्याला तोडवली नाही, पुसवली नाही. त्याने ती तिच्या जागेवर ठेवली. दिनानाथभाऊ, तिसऱ्या रांगेतली जागा आज भरलीय.”

खालून एका कारागिराच्या पॉलिश कागदाचा घासण्याचा आवाज येत होता.

दिनानाथ कपाटाकडे गेले. न शोधता हात घातला आणि चिठ्ठी नसलेली एक डबी काढून मशीनशेजारी ठेवली.

“मी बत्तीस वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “गाणी गोळा करायचं वेड होतं. बायजाबाईंनी मला हळदीला नेलं. शेवटचा धवला संपला. मी थांबलो होतो. आणि ही बोलली. मला शब्द न् शब्द कळला. मी परका माणूस, पेणहून आलेला. मनात म्हटलं, घरात मोठी माणसं आहेत, त्यांना माहीत असेल. मी बटण दाबलं आणि घरी आलो. येताना एसटीत ते परत ऐकलं.” त्यांनी बोटांवरची माती खरवडली. “परत ऐकलं, ताई. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. मला परत जाता आलं असतं.”

“मग?”

“गेलो नाही. कॅसेट घरात ठेववेना, म्हणून बायजाबाईंना देऊन टाकली. मशीन विकलं. त्यानंतर एकही गाणं भरलं नाही. दाढीसुद्धा काढली. परवा पुसायला बटणावर बोट ठेवलं होतं, दोनदा. जमलं नाही. आणि हिच्यासमोर बसून ते ऐकायचं, तेही जमणार नव्हतं.”

मालू उठली. त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“तो हात तुमचा,” ती म्हणाली. “मगाशी वर केलात तवाच मना वलखीचा वाटला. मान खाली व्हती माझी, तोंड नाय बघितला तुमचा. हात बघितला. मना वाटला, थांब बोलतोय, मी सांगतो बोलतोय. तुमी नुसता गप्प बस बोलत व्हता.”

दिनानाथांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

“पोलिसात द्या मला,” ते चंद्रावतींना म्हणाले.

“कॅसेटच्या चोरीचा कागद करता येईल,” चंद्रावती म्हणाल्या. “बाकीच्याला कलम नाही, भाऊ. असतं तर माझंही नाव त्यात घालावं लागलं असतं. मीही हिचं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन झोपले.”

“कागद नको,” मालू म्हणाली. “मशीन उचला.”

“काय?”

“मशीन उचला तुमी. हेडफोन पन घ्या. आये वढावला हाय. तिला तुमीच वाजवून दाखवाचा. आनि काय झाला ते तुमीच सांगाचा.”

मालू, चंद्रावती आणि दिनानाथ एका रिक्षातून वढावला निघाले. दिनानाथांनी मशीन मांडीवर धरलं होतं. काळुराम आणि बाकीचे मागच्या रिक्षात होते. ये म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, पण मागे राहायची कोणाची छाती झाली नाही.

इंदुबाई पडवीत खाटेवर पडून होत्या. कानाने कमी ऐकू येत होतं, तोंड मात्र शाबूत होतं. “कोन आली? मालू? आता काय घेऊन आलीस गो?”

दिनानाथ खाटेशेजारी जमिनीवर बसले. मोठ्या आवाजात, एकही गोष्ट न गाळता, त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. मग त्यांनी हेडफोन तिच्या कानांवर ठेवले, आवाज पूर्ण वाढवला आणि बी बाजूचा शेवटचा धवला लावला.

बाकीच्यांना फक्त फिरणारी चक्रं दिसत होती आणि म्हातारीचं तोंड. बायजाबाईंचा आवाज कानात पडताच ते जरा सैल झालं, डोळे मिटले. ओठ हलायला लागले, बहुतेक धवल्याबरोबर. मग ओठ थांबले. गाणं संपलं होतं.

दिनानाथांचा उजवा हात आपसूक वर गेला.

एक श्वास. दोन. तिसऱ्याला म्हातारीने डोळे उघडले.

बारीक आवाज हेडफोनच्या कडेतून बाहेर झिरपला, पडवीत सगळ्यांनी ऐकला. “मना ह्यो लगीन नाय कराचा. कोनीतरी बाबाला सांगा.”

खटका.

इंदुबाईंनी हेडफोन काढले. मालूकडे बघत राहिल्या.

“बोलली व्हतीस गो तू,” त्या म्हणाल्या. “माझी बाय, बोलली व्हतीस.”

मालूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. काळुराम भिंतीकडे तोंड करून उभा होता, चंद्रावतींना स्वतःच्या चपलांवरून नजर उचलवत नव्हती, आणि दिनानाथांचा हात अजून वरच होता, खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.

“हात खाली घ्या,” मालू त्यांना म्हणाली. “मना आयेशी बोलाचा हाय.”